ग्रीस कोण घालणार?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ॲस्टर प्लेस नावाचा चौक आहे. तिथे एक काळा पोलादी ठोकळा एका कोपऱ्यावर तोल सांभाळत उभा असतो. प्रत्येक बाजू आठ फुटांची, वजन आठशे किलोंच्या आसपास. नवखा माणूस त्याच्याकडे एकदा बघतो, आधुनिक शिल्पकलेबद्दल मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणतो आणि सिग्नलकडे वळतो. तेवढ्यात कॉलेजातली दोन-तीन पोरं येतात, ठोकळ्याला खांदा लावतात, पाय रोवतात आणि रेटायला लागतात. ठोकळा आधी कुरकुरतो, मग हलतो, मग चक्क फिरायला लागतो. नवख्या माणसाचा सिग्नल सुटतो तो सुटतोच.

या ठोकळ्याचं कागदोपत्री नाव ‘अलामो’. चौकात मात्र त्याला सगळे ‘क्यूब’च म्हणतात. टोनी रोझेन्थाल या शिल्पकाराचं हे काम १९६७ मध्ये शहरानं भरवलेल्या एका तात्पुरत्या प्रदर्शनासाठी इथे आलं. प्रदर्शन संपल्यावर ते हलवायचं होतं, पण आसपासच्या लोकांनी अर्जविनंत्या करून ठेवून घेतलं. पोटातल्या एका छुप्या खांबावर ते फिरतं. एकट्याला ते जड जातं, म्हणून माणूस इकडेतिकडे बघतो आणि कुणातरी अनोळखी माणसाला हात लावायला सांगतो. पन्नासहून अधिक वर्षं हे असंच चालू राहिलं. २०२१ च्या सुमारास क्यूब फिरायचा थांबला. त्याच्या पायाशी आधाराची चौकट ठोकण्यात आली आणि फिरणारा ठोकळा नुसता ठोकळा झाला. २०२३ च्या मे महिन्यात त्याला उचलून दुरुस्तीला नेलं आणि जुलैत परत आणून बसवलं. आज तो पुन्हा फिरतो.

या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता? कलासमीक्षक १९६७ कडे बोट दाखवतील: शिल्प चौथऱ्यावरून उतरलं, प्रेक्षकाच्या हाती आलं, वगैरे. ते खोटं नाही. पण शहराचा विचार करणाऱ्यानं २०२३ कडे बघावं. खेळता येईल असं शिल्प उभं करणं तुलनेनं सोपं असतं. खेळून खेळून ते बिघडल्यावर ‘लोक असेच, त्यांना काही देण्यात अर्थ नाही’ असं न म्हणता बेअरिंग बदलून देणं, ही खरी अवघड कामगिरी. आपल्याकडे सार्वजनिक शिल्पाचं आयुष्य फीत कापली की संपतं. खेळकर शिल्पाचं आयुष्य तिथे सुरू होतं, आणि त्याची किंमत त्यानंतरची कित्येक वर्षं हप्त्याहप्त्यानं चुकवावी लागते.

झिजणं म्हणजे खराब होणं नव्हे, हे खरं तर मराठी माणसाला कुणी वेगळं सांगायला नको. महादेवाच्या देवळातल्या नंदीच्या पाठीवरून हात फिरवूनच लोक आत जातात. त्याच्या शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतात. शेकडो वर्षांच्या तळहातांनी तो दगड गुळगुळीत झालेला असतो आणि त्या गुळगुळीतपणाला कुणी नासधूस म्हणत नाही. घरातला पाटा-वरवंटा झिजला की तो कुणी फेकून देत नसे. ‘टाकीऽऽ’ अशी हाक देत येणाऱ्या बाईला बसवून त्याला टाकी लावून घेत. वस्तू वापरली तर झिजणार, झिजली तर तिला टाकी लावायची, एवढा साधा हिशेब. तो घरात आणि देवळात पाळला गेला. नगरपालिकेच्या बागेत मात्र ‘हात लावू नये’ अशी पाटी आली.

विसाव्या शतकात खेळ आणि शिल्प यांच्यामधली भिंत पाडायचा सगळ्यात चिवट प्रयत्न इसामू नोगुची यांनी केला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन. स्वतः जन्मभर दोन्ही देशांत थोडे उपरे. १९३३ मध्ये त्यांनी ‘प्ले माउंटन’ची कल्पना मांडली. न्यूयॉर्कच्या वस्तीत एक अख्खा जमिनीचा तुकडा उचलून त्याचा डोंगर करायचा, त्याला पायऱ्या आणि उतार द्यायचे आणि मुलांना सोडून द्यायचं. उन्हाळ्यात पाणी, हिवाळ्यात बर्फावरची घसरण. झोपाळा, सी-सॉ वगैरे काही नाही. शहराच्या उद्यानांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी ती कल्पना हसण्यावारी नेली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाशेजारी खेळाचं मैदान करायचा बेत आला, तोही फिसकटला. साठच्या दशकात लुई कान या मोठ्या वास्तुविशारदाबरोबर रिव्हरसाइड पार्कसाठी आराखड्यांवर आराखडे काढून झाले. तेही कागदावरच राहिले. ज्या शहरात नोगुची राहिले, त्या शहरानं त्यांना मुलांसाठी एकही मैदान करू दिलं नाही. अमेरिकेत ती संधी मिळाली थेट १९७६ मध्ये, अटलांटाच्या पिडमाँट पार्कमध्ये.

या हट्टाला खतपाणी भारतानंही घातलं. १९४९ मध्ये एका अभ्यासवृत्तीवर जग हिंडताना नोगुची भारतात आले आणि दिल्ली-जयपूरचे जंतरमंतर त्यांनी डोळे भरून पाहिले, त्यांचे फोटो काढले. सवाई जयसिंहानं ती यंत्रं ग्रहताऱ्यांचं गणित मांडायला बांधली. पण खगोलशास्त्र बाजूला ठेवून बघितलं तर तिथे काय दिसतं? आभाळात निघून जाणारे जिने, दोन्ही बाजूंना दगडी कमानींचे वाक, आत शिरता येतील अशा पोकळ्या. कुठल्याही सात वर्षांच्या मुलाला ते काय आहे हे विचारावं लागणार नाही. नोगुचींनी १९८६ च्या व्हेनिस बिएनालेत पांढऱ्या संगमरवराची गोल घसरगुंडी मांडली, तिचं नाव ‘स्लाइड मंत्र’. ‘मंत्र’ या शब्दात ‘जंतरमंतर’ आहेच. तिचीच काळ्या ग्रॅनाइटमधली बहीण जपानच्या साप्पोरो शहरात ओदोरी पार्कमध्ये आहे. मुलं मागच्या जिन्यानं वर चढतात आणि वळसा घेत खाली येतात. रोजच्या चड्ड्यांनी तो दगड घासला जातोय. एखाद्या संग्रहालयाला असली पॉलिश परवडली नसती.

१९८८ मध्ये त्याच शहरानं नोगुचींना एका कचराडेपोची जागा दाखवली. त्यांनी आराखडा केला आणि वर्ष संपता संपता ते गेले. शहरानं काम सोडलं नाही. मोएरेनुमा पार्क २००५ मध्ये पूर्ण झाला आणि त्यात तीस मीटर उंचीचा ‘प्ले माउंटन’ आहे. न्यूयॉर्कनं हसून परत पाठवलेला डोंगर कित्येक दशकांनी जपानच्या कचऱ्यावर उभा राहिला.

इथे कुणीतरी म्हणेलच की हे सगळे श्रीमंतांचे चोचले. आधी नळाला पाणी द्या, गटारं झाका, मग डोंगर बांधा. आक्षेप रास्त आहे, पण इतिहास त्याच्या बाजूनं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅम कंगाल झालेलं शहर होतं. घरांची टंचाई, रेशन, पाडलेल्या घरांच्या रिकाम्या जागा. १९४७ मध्ये पालिकेच्या नोकरीत असलेल्या आल्डो फान आयक या तरुण वास्तुविशारदानं बेर्टेलमानप्लाइन या छोट्या चौकात एक वाळूचा हौद, काही गोल दगडी ठोकळे आणि कोलांट्या मारायला लोखंडी नळ्या बसवल्या. खर्च किरकोळ. शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांची मागणीपत्रं यायला लागली. पुढच्या तीसेक वर्षांत त्यांनी शहरात सातशेहून अधिक अशा जागा केल्या. बहुतेक ठिकाणी कुंपण नव्हतं; जागा रस्त्याचाच भाग होती. फान आयक यांना हत्ती-उंटांच्या आकाराची खेळणी आवडत नसत. हत्तीवर बसून हत्तीच खेळता येतो. नुसत्या कमानीचा मात्र सकाळी किल्ला, दुपारी दुकान आणि संध्याकाळी, थोडी मोठी मुलं आली की, गप्पांचा कट्टा होतो. आपल्या बागांमधल्या फायबरच्या जिराफांकडे बघताना हे आठवावं. जिराफाचा दोष नाही. पण त्यानं मुलांसाठी विचार करायला काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आता दुसऱ्या टोकाची, पैशांनी ओसंडणारी गोष्ट. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं ‘क्लाउड गेट’ मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं. पोलादाचे १६८ पत्रे जोडून, सांधे घासून नाहीसे करून केलेला ६६ फूट लांब, ३३ फूट उंच आरसा. २००४ मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांपुढे आला, २००६ मध्ये पूर्ण झाला. लोकांनी त्याला ‘बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा, असं नाव देऊन टाकलं. कपूर यांना ते सुरुवातीला मुळीच रुचलं नाही, पण लोकांनी ठेवलेलं नाव पुसता येत नाही. दाण्याखाली गेलं की आपलंच ताणलेलं, वितळलेलं, तिरपागडं रूप दिसतं. शंभर किलोचा गृहस्थ काडीसारखा होतो. माणसं हात वर करतात, जीभ काढतात, जत्रेतल्या आरशांसमोर करतात ते सगळं करतात. मग आरशाला हात लावतात, लावतातच.

त्यावर शहरानं काय केलं? कुंपण घातलं नाही. आरशाचे खालचे सहा फूट, म्हणजे माणसाचा हात सहज पोचतो तेवढे, दिवसातून दोनदा पुसून काढायची व्यवस्था केली. सगळा दाणा वर्षातून दोनदा धुतला जातो, दीडशे लिटर डिटर्जंट लागतं. कपूर यांच्या प्रतिभेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. फडकं घेऊन सकाळ-संध्याकाळ त्या सहा फुटांवरचे ठसे पुसणाऱ्या माणसावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. ‘हात लावा’ ही पाटी तोच रोज नव्यानं लिहीत असतो.

त्याच बागेत जाउमे प्लेन्सा या कॅटलान शिल्पकाराचं क्राउन फाउंटन आहे: काचेच्या विटांचे पन्नास फुटी दोन मनोरे आणि त्यांवर आळीपाळीनं उमटणारे शिकागोच्या सुमारे हजार रहिवाशांचे चेहरे. चेहरा डोळे मिचकावतो, ओठांचा चंबू करतो आणि तोंडातून पाण्याची पिचकारी सोडतो. खाली पोरांची झुंबड. २००६ च्या अखेरीस याच मनोऱ्यांच्या डोक्यावर सुरक्षा कॅमेरे बसवण्यात आले. ज्या चेहऱ्यांकडे लोक हसून बघत होते, त्यांच्या डोक्यावरून आता कुणीतरी लोकांकडे बघणार होतं. ओरड झाली आणि कॅमेरे काढावे लागले. खेळताना आपल्यावर पाळत आहे हे कळलं की खेळ आखडतो, हे पालिकेला लोकांनी शिकवलं.

खेळाच्या नावानं जे जे येतं ते सगळं या पंगतीत बसवायचं कारण नाही. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या ओडेनप्लान मेट्रो स्थानकात जिन्याच्या पायऱ्यांची पियानोच्या पट्ट्यांसारखी मांडणी केली. पाय ठेवला की सूर. फोक्सवागनची जाहिरात मोहीम होती ती. सरकता जिना सोडून साध्या जिन्यानं जाणारे ६६ टक्क्यांनी वाढले, असं मोहिमेनं जाहीर केलं आणि जगभरच्या व्यवस्थापन शिबिरांना एक चित्रफीत मिळाली. प्रयोग गोड होता. पण त्यात खेळ हे चढण चढवण्याचं आमिष होतं, गुळाच्या खड्याआडून दिलेल्या कडू गोळीसारखं. मुलं खेळतात ती तब्येत सुधारायला नव्हे. क्यूब फिरवून कुणाचं काहीच साधत नाही, आणि क्यूबची सगळी ऐट त्यातच आहे.

आपल्याकडची गत याहून वेगळी. महाराष्ट्रातल्या शहरांत गेल्या दहाएक वर्षांत चौकाचौकांत ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी दिव्यांची अक्षरं उगवली. कुठे भिंतीवर पंख रंगवलेत, मधे उभं राहायचं. हे ‘सेल्फी पॉइंट’ही इंटरॅक्टिव्हच म्हणायचे, पण त्यांच्याशी करायची गोष्ट एकच आणि ती दहा सेकंदांत संपते. ती करायला दुसरं माणूस लागत नाही. उलट दुसरं माणूस चौकटीत आलं तर ‘जरा बाजूला व्हा’ म्हणावं लागतं. क्यूब अनोळखी माणसाला बोलावतो, सेल्फी पॉइंट त्याला हटवतो. सार्वजनिक पैशातून यांपैकी काय घ्यावं यावर फार चर्चेची गरज नसावी. शिवाय त्या अक्षरांतले दोन दिवे गेले की गावाचं नावही बदलतं.

दुसऱ्या माणसाची गरज, ही या शिल्पांची सगळ्यात सुंदर अट. माँट्रियलमध्ये २०११ मध्ये एकवीस झोके रस्त्यालगत टांगले. प्रत्येक झोक्याला आपला सूर, पण पूर्ण धून हवी तर शेजारच्यांशी लय जमवावी लागे. २०१९ च्या जुलैत रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो या जोडीनं अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरच्या पोलादी कुंपणाच्या फटींतून तीन गुलाबी सी-सॉ सरकवले. एक टोक या देशात, दुसरं त्या देशात. पलीकडचं मूल खाली गेल्याशिवाय अलीकडचं वर जात नाही. हे सगळं तासभरही टिकलं नाही, पण त्या थोड्या वेळात भिंतीचा टेकू झाला होता. लंडनच्या डिझाइन म्युझियमनं त्याला २०२० सालचं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं.

आणि मोठी माणसं खेळतात का? चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये जाऊन बघावं. रस्तेखात्यात नोकरीला असलेल्या नेक चंद यांनी भंगार आणि फुटक्या बांगड्या जमवून वर्षानुवर्षं चोरून घडवलेली ही बाग १९७६ मध्ये लोकांसाठी उघडली. तिच्या पुढच्या टप्प्यात उंच कमानींखाली भलेथोरले झोके टांगले आहेत, आणि त्यांवर पोटं सुटलेले काका आणि ओढणी सावरणाऱ्या काकू रांग लावून झोके घेतात. ‘बारा वर्षांवरील व्यक्तींनी खेळण्यांवर बसू नये’ ही पाटी वाचत वाढलेल्या पिढीची ती भूक आहे.

धोका असतोच. १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस यांनी लाकडी उतार, रूळ, डगमगत्या फळ्या मांडल्या आणि लोकांना वर चढायला सांगितलं. लोक इतक्या उत्साहानं चढले, की काहींना इजा झाली, सामान मोडलं आणि प्रदर्शन चार दिवसांत बंद पडलं. २००९ मध्ये टेटनं तेच प्रदर्शन मजबूत बांधणीनं पुन्हा मांडलं. मधल्या अडतीस वर्षांत माणसं शहाणी झाली नव्हती, सुतारकाम सुधारलं होतं. न्यूयॉर्कच्या ‘व्हेसल’ या जिन्यांच्या शिल्पाची कथा याहून गंभीर: २०१९ मध्ये उघडलं, आत्महत्यांनंतर २०२१ मध्ये बंद झालं आणि २०२४ मध्ये पोलादी जाळ्या लावून पुन्हा उघडलं. उंचीला कठडा हवा हे आधी कळायला हवं होतं. पण खरचटणं आणि जीव जाणं यांतला फरक न करता सगळ्यालाच कुलूप घालणं हा आळस आहे, त्याला काळजी म्हणता येणार नाही.

अशी खेळकर शिल्पं आपल्याला नवीन आहेत असंही नाही. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला ‘म्हातारीचा बूट’ एका इंग्रजी बडबडगीतावरून आला, पण आता तो मुंबईचाच आहे. मुलं बुटात शिरतात, जिन्यानं वर जातात आणि वरून आईबापांना हाका मारतात. तीन-चार पिढ्यांनी तेच केलं. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड लाटा अडवायला आणले. लोकांनी त्यांचे कट्टे केले, पोलीस उठवतात, लोक पुन्हा बसतात. (ती जागा निसरडी आणि खरंच धोक्याची आहे, पण माणसांना कसल्या आकारांवर बसावंसं वाटतं हे तिथे फुकट शिकायला मिळतं.) विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा मागत फिरतात, रस्ताभर चालती शिल्पंच. आणि दिवाळीत अंगणात, सोसायटीच्या गेटशी उभे राहणारे किल्ले? माती, गोणपाट, विटा, वर हळीव पेरून आणलेली हिरवळ, बुरुजावर मावळे. त्यात बुरूज ढासळला तर निविदा काढावी लागत नाही. जो पाडतो तोच चिखल आणतो.

म्हणून थोर पुरुषांच्या पुतळ्यांना हात लावू द्या, असं इथे कुणी म्हणत नाही. त्यांची जागा वेगळी, चौथरा वेगळा, जयंतीचा हार वेगळा. पण प्रत्येक शिल्प पुतळाच असलं पाहिजे आणि प्रत्येक पुतळ्याला कुंपण असलंच पाहिजे, या सवयीनं आपले चौक बघण्यापुरते उरलेत. चोरीचा मुद्दाही खरा आहे. झोक्याची साखळी आठवड्यात भंगारात जाते. तर मग साखळी नसलेलं काही करावं. म्हातारीचा बूट कुणी पळवलेला नाही. फान आयक यांचे ठोकळेही कुणाला उचलून नेता आले नसते.

तुमच्या वॉर्डात पुढच्या वेळी एखाद्या नव्या शिल्पाचं भूमिपूजन होईल. नारळ फुटेल, भाषणं होतील, अंदाजपत्रकाचा आकडा माईकवरून सांगितला जाईल. भाषणं संपली की नगरसेवकाला किंवा उद्यान विभागाच्या अधिकाऱ्याला गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: याला हात लावता येईल का, आणि पाच वर्षांनी याला ग्रीस कोण घालणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मागा.